वेणी कापली, पण कपाळाचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही १९११ च्या चिनी क्रांतीवर दोन अंकी नाटक बसवतोय. पहिल्या अंकात सगळ्या पुरुषांना लांब वेण्या, दुसऱ्या अंकात क्रांती झाली म्हणून सगळ्यांचे केस कापलेले. जुने ते वेणीवाले, नवे ते बिनवेणीचे, म्हणजे प्रेक्षकाला चटकन कळेल. टोप किती लागतील? आणि पेशवाई नाटकांचे टोप चालून जातील का?"

शेवटून सुरुवात करतो. पेशवाई टोप चालणार नाहीत. मी तीस वर्षं रंगभूषा आणि टोपांचं काम करतोय आणि हा मोह मलाही एकदा झाला होता. आपल्या टोपात शेंडी असते, तिच्याभोवती घेरा असतो, बाकी डोकं तुळतुळीत. चिनी डोक्याचा हिशेब वेगळा. एका कानापासून डोक्यावरून दुसऱ्या कानापर्यंत रेघ ओढा. रेघेच्या पुढे वस्तरा, मागे सगळे केस राखलेले आणि त्यांची एकच जाड वेणी, कमरेपर्यंत किंवा त्याहून खाली. आपल्या शेंडीला लोकर जोडून लांब केली की ते ध्यान शाळेच्या गॅदरिंगमधल्या चिन्यासारखं दिसतं. प्रेक्षक हसतात, आणि एकदा हसले की क्रांती संपली.

आता मुख्य मुद्दा. तुमची पूर्ण मांडणी वेणीभोवती आहे. मी म्हणेन, वेणीकडे कमी आणि कपाळाकडे जास्त बघा. वेणी कापायला एक क्षण पुरतो. भादरलेल्या कपाळावर केस यायला महिने लागतात, कारण केस महिन्याला जेमतेम सव्वा सेंटीमीटर वाढतात. चीनमध्ये पावणेतीनशे वर्षं माणसाचं राजकारण या पुढच्या अर्ध्या डोक्यावर वाचलं जात होतं.

मुळात हुकूम होता तो हजामतीचा. मांचू या ईशान्येकडच्या लोकांनी १६४४ मध्ये बीजिंग घेतलं आणि चीनवर राज्य सुरू केलं. पुढची भादरायची आणि मागे वेणी सोडायची, ही त्यांच्या पुरुषांची रीत. ती त्यांनी हान, म्हणजे बहुसंख्य चिन्यांवर लादायला घेतली, विरोध पाहून तात्पुरती मागे घेतली आणि १६४५ च्या उन्हाळ्यात, नानजिंग हाती आल्यावर, राजप्रतिनिधी दोर्गोनने पुन्हा फर्मान काढलं. मुदत दहा दिवस. 'डोकं ठेवायचं तर केस ठेवू नका, केस ठेवायचे तर डोकं राहणार नाही' ही त्या काळची म्हण झाली. हान पुरुष तोवर केस वाढवून डोक्यावर बुचडा बांधत. शरीर, केस, कातडी आईबापांनी दिलेली, तिला इजा करायची नाही, ही कन्फ्यूशियसच्या परंपरेतली शिकवण प्रत्येकाला पाठ होती. त्यामुळे ज्या गावांनी मांचू सैन्यापुढे निमूट दरवाजे उघडले होते, तीसुद्धा न्हाव्याच्या वस्तऱ्यावरून उठली. जियांगयिन हे यांगत्से काठचं गाव सुमारे ऐंशी दिवस लढलं आणि मग त्याची कत्तल झाली. जियादिंगमध्ये तर तीनदा.

याबद्दल चिनी लेखक लू शुनने लहानपणी ऐकलेली एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. फिरत्या न्हाव्याच्या कावडीला एक उभी काठी असे. म्हातारी माणसं सांगायची की ही काठी पूर्वी मुंडकी टांगायला होती. न्हावी रस्त्यात माणूस पकडायचा, तो नाही म्हणाला की डोकं काठीवर, मग पुढचा माणूस. खरंखोटं सोडा, पण तुमच्या नाटकात न्हावी आहे आणि नेपथ्यकार त्याला मुंबईच्या सलूनची खुर्ची देणार असेल, तर त्याला थांबवा. त्याला कावड द्या आणि काठी द्या. संवाद लिहायची गरज नाही.

न्हाव्याला राजकारणात ओढणं आपल्यालाही नवं नाही. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी एकत्र आली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं. तिथे वस्तरा खाली ठेवणं हीच कृती होती. चीनमध्ये १६४५ ला वस्तरा उचलणं ही राजाची आज्ञा, आणि १९११ ला कात्री उचलणं ही क्रांतीची.

तर कपाळ. १८५१ ते १८६४ मांचू सत्तेविरुद्ध ताइपिंग बंड झालं. त्या बंडखोरांनी वेणी सोडली आणि पुढचे केस वाढवले, म्हणून लोक त्यांना 'लांबकेसे' म्हणत. आता मधल्या गावातल्या माणसाचा विचार करा. बंडखोरांनी गाव घेतलं की भादरलेलं कपाळ म्हणजे बादशहाचा माणूस. दोन महिन्यांनी सरकारी फौज परत आली की कपाळावरचे इंचभर केस म्हणजे बंडखोर. पुढे केस राखलेल्याला शिपाई मारायचे आणि वेणीवाल्याला लांबकेसे. तुमच्या नाटकात एखादा सत्तरीतला म्हातारा असेल तर त्याने हे पाहिलेलं आहे. १९११ ला गावात कात्री घेऊन पोरं आल्यावर तो आधी कुठल्या बाजूची फौज जवळ आहे ते विचारेल. त्याला तुम्ही 'जुन्या विचारांचा' म्हणून रंगवू नका.

आणखी एक बारकावा, पहिल्या अंकात उपयोगी पडेल. बादशहाच्या घरी मयत झालं की शंभर दिवस हजामत बंद. १७४८ मध्ये सम्राज्ञी वारली तेव्हा या शंभर दिवसांत डोकं केलेले बडे अधिकारी चांगलेच गोत्यात आले होते. बादशहा ग्वांगशू आणि राजमाता त्सिशी नोव्हेंबर १९०८ मध्ये लागोपाठच्या दोन दिवसांत गेले. तुमचा पहिला अंक १९०८ च्या हिवाळ्यात सुरू होतो असं तुम्ही लिहिलंय. मग सगळ्या पात्रांच्या कपाळावर खुंट हवेत, आणि ते बंडाचे नाहीत, सुतकाचे आहेत. ज्याच्या घरचंच कोणी गेलं असेल त्याच्या वेणीत पांढरा गोफ. एरवी काळ्या रेशमाचा गोफ वेणीच्या शेवटी विणून ती लांब दाखवत, केस विरळ असले तर त्यात परके केसही घालत. आपल्या बायकांचं गंगावन असतं, अगदी तेच.

गंगावन म्हटलं की मला पुन्हा लू शुनच आठवतो, आणि इथे जरा रेंगाळतो, कारण हा माझ्या धंद्याचा भाग आहे. लू शुन जपानमध्ये शिकायला गेला आणि तिथे त्याने वेणी कापली. अर्धी त्याने खाणावळीतल्या मोलकरणीला दिली, तिला त्याचं गंगावन करायचं होतं. अर्धी न्हाव्याने घेतली. १९०९ ला तो परत आला तेव्हा राज्य मांचूंचंच होतं आणि बिनवेणीचा माणूस म्हणजे एकतर क्रांतिकारक नाहीतर परक्यांचा हस्तक. शांघायमध्ये खोट्या वेण्या बसवणारा एक कारागीर होता, परदेशातून आलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांना त्याचा पत्ता ठाऊक असे. भाव चार रुपेरी डॉलर, घासाघीस नाही. लू शुन लिहितो की काम सुबक होतं, लक्ष न देणाऱ्याला कळायचं नाही. पण हा परदेशातून आलाय हे माहीत असलेल्याने निरखून पाहिलं तर ढीगभर चुका दिसायच्या. उन्हाळ्यात टोपी घालता यायची नाही, तीही पंचाईत. गर्दीत कोणी धक्का दिला तर वेणी वाकडी. महिनाभर वापरून त्याने विचार केला, ही रस्त्यात गळून पडली किंवा कोणी ओढून काढली तर मुळात नसण्यापेक्षा वाईट. त्याने ती काढून टाकली आणि मग रस्त्यावर शिव्या खात फिरला.

माझ्या एका प्रयोगात हेच घडलं. वेणी डोक्याला न लावता टोपीच्या आतल्या कडेला टाचली होती. खर्च वाचवायचा, दुसरं काय. मँडरिन, म्हणजे चिनी सरकारी अधिकारी झालेल्या नटाने तिसऱ्या प्रवेशात वाकून नमस्कार केला, टोपी सुटली आणि वेणीसकट घरंगळत फूटलाइटपर्यंत गेली. खाली त्याचे स्वतःचे कॉलेजातले केस, जेल लावलेले. तेव्हापासून माझा नियम आहे: वेणी टोपीला लावायची नाही. बाल्ड कॅपवर, म्हणजे टक्कल दाखवणाऱ्या पातळ टोपीवर, मागचा अर्धा भाग जाळीचा, जाळीवर केस गाठींनी बसवलेले, वेणी त्या केसांतूनच निघालेली. कॅपची पुढची कड कपाळाच्या मधोमध नाही, भुवयांच्या वर जिथे सुरकुती पडते तिथे मिटवायची. आणि कॅपला एकच रंग लावू नका. रोज भादरलेल्या कपाळावर निळसर झाक असते. तालेवार माणसाची झाक ताजी, हमालाच्या कपाळावर आठवड्याचे खुंट. खुंटांसाठी केस बारीक कातरून स्पंजने टिपायचे. हे पहिल्या पाच रांगांना दिसतं, बाकीच्यांना नुसतं जाणवतं.

आता १९११ कडे. तुमचा समज असा दिसतो की १० ऑक्टोबरला वूचांगमध्ये बंड झालं आणि वेण्या गेल्या. वेण्या त्याआधीच जायला लागल्या होत्या. क्रांतिकारकांचा पुढारी सन यत सेनने १८९५ मध्ये, ग्वांगझौचा उठाव फसल्यावर, जपानला पळून जाऊन वेणी कापली, मिशी वाढवली आणि सूट चढवला. जपानमधल्या चिनी विद्यार्थ्यांनी १९०३ ला त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचीच वेणी कापली. हे झाले बंडखोर. पण जानेवारी १९११ मध्ये, म्हणजे क्रांतीच्या नऊ महिने आधी, शांघायच्या झांग बागेत भर सभेत वेण्या कापल्या गेल्या आणि त्यामागे होता वू तिंगफांग, मांचू सरकारचा अमेरिकेतला माजी राजदूत. त्याचं म्हणणं होतं, केस कापा पण कपडे बदलू नका. कारण सगळे सुटाबुटात गेले तर लोकर बाहेरून येणार आणि रेशमाचा धंदा बसणार. तेव्हा वेशभूषाकाराला सांगा की दुसऱ्या अंकात छोटे केस आणि लांब झगा ही जोडी बिनदिक्कत चालते. उलट सगळ्यांना टाय लावलात तर खोटं दिसेल.

खुद्द दरबारानेही डिसेंबर १९११ मध्ये, बुडत्या नावेतून, ज्याला कापायची त्याने कापावी अशी परवानगी देऊन टाकली. म्हणजे पावणेतीनशे वर्षं ज्यासाठी डोकी उडवली ते ऐच्छिक झालं. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत नाट्यमय गोष्ट हीच वाटते आणि तुमच्या संहितेत ती नाही. बघा जमलं तर.

१ जानेवारी १९१२ ला प्रजासत्ताक, फेब्रुवारीत शेवटचा बादशहा, सहा वर्षांच्या पुयीच्या नावाने सिंहासनत्याग, त्याच महिन्यात दरबाराचा पंतप्रधान राहिलेल्या युआन शिकायने स्वतःची वेणी कापली, आणि ५ मार्चला सन यत सेनच्या सरकारचा हुकूम: वीस दिवसांत सगळ्यांनी वेण्या कापाव्यात. दोर्गोनने दहा दिवस दिले होते, यांनी वीस. नगराच्या वेशींवर कात्र्या घेऊन शिपाई उभे होते, भाजी विकायला आलेल्या शेतकऱ्याला धरून कचकन वेणी कापायचे. काहीजण रडले. अनेकांनी ती कागदात गुंडाळून घरी नेऊन जपली. तुमच्या दिग्दर्शकाने हा प्रवेश 'जल्लोष' म्हणून लिहिलाय. निम्मा जल्लोष ठेवा. एका माणसाला खाली बसून वेणी शोधू द्या.

आणि कापल्यावर डोकं कसं दिसायचं ते आता सांगतो, कारण तुमची सगळ्यांत मोठी चूक इथे आहे. दुसऱ्या अंकात तुम्हाला भांग पाडलेले नीटस केस हवेत. पण कालपर्यंत पुढचं अर्धं डोकं तुळतुळीत होतं. वेणी मुळाशी कापली की मागे मानेवर रुळणारे केस राहतात आणि पुढे टक्कल, असं दोन माणसांचं मिळून एक डोकं दिसतं. एकतर ते सगळंच भादरायचं, नाहीतर पुढचं वाढेपर्यंत टोपी. म्हणून दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात टोप्याच टोप्या दाखवा. क्रांतीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात या डोक्यांना टोपी लागणारच. नीट भांग फक्त एकाला द्या, जो परदेशातून आलाय. बाकीच्यांना तो शेवटच्या प्रवेशात मिळेल, तोपर्यंत वर्ष गेलेलं असेल.

मधली जात विसरू नका. काठावरचे. कामाच्या वेळी वेणी डोक्याभोवती गुंडाळायची हमालांची रीत होतीच, साहेब समोर आला की खाली सोडायची, ती अदब. १९११ ला गावोगाव लोकांनी ती गुंडाळून वर खोचली. बंडखोर जिंकले तर टोपीखाली झाकलेली, बादशहा परतला तर शाबूत. लू शुनच्या कथेतल्या आ-क्यूने तर बांबूच्या चॉपस्टिकने ती वर खोचली आणि स्वतःला क्रांतिकारक समजला. तुमच्या दहा पात्रांपैकी चारांना मी असं ठेवीन. खर्चही कमी, टोप तोच.

ही काळजी बिनबुडाची नव्हती. जुलै १९१७ मध्ये सेनापती झांग शून (आपला लू शुन वेगळा, हा वेगळा) बीजिंगमध्ये घुसला. त्याच्या सैनिकांनी प्रजासत्ताकातही वेण्या राखल्या होत्या, म्हणून त्याला वेणीवाली फौज म्हणत. त्याने पुयीला पुन्हा गादीवर बसवलं. राज्य टिकलं बारा दिवस. पण त्या बारा दिवसांत बीजिंगमधल्या लोकांची तारांबळ उडाली, ज्यांनी वेणी कापली होती ते नाटकांच्या सामानाच्या दुकानात धावले आणि घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या वेण्या करून द्या म्हणून गयावया करायला लागले. हे पुयीनेच आत्मचरित्रात लिहिलंय. माझा धंदा इतिहासाच्या पुस्तकात कुठे येत असेल तर इथे. आणि रंगमंचावर आणखी एक गंमत: चिनी संगीतनाटकांच्या नटांना मांचू काळातही रंगमंचावर मांचूंच्या आधीच्या मिंग काळाचे कपडे आणि बुचडे चालत. बाहेर ज्या केसांना देहदंड, आत त्यालाच टाळ्या.

पुयीची स्वतःची वेणी राहिली १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. स्कॉटिश शिक्षक रेजिनाल्ड जॉन्स्टन तिला डुकराचं शेपूट म्हणून चिडवायचा. शेवटी पोराने ती कापलीच. राजवाड्यातल्या विधवा राण्या रडल्या आणि मग काही दिवसांत त्या वाड्यातल्या हजारभर वेण्या नाहीशा झाल्या. उरले त्याचे चिनी गुरुजी आणि एखाददुसरा अधिकारी.

'वेणीवाला म्हणजे जुनाट' या तुमच्या सूत्राला एकच उदाहरण पुरे. गू होंगमिंग. जन्म पेनांगचा, शिक्षण एडिनबर्गचं, आठ-दहा भाषा येणारा, तरुणपणी युरोपी कपड्यांत वावरलेला. त्याने मोठेपणी चीनमध्ये येऊन वेणी ठेवली आणि प्रजासत्ताकात बीजिंग विद्यापीठात तीच मिरवत शिकवलं. आसपासच्या सगळ्यांनी कापली होती तेव्हा. मग त्याच्या डोक्यावर ती हुकूमशहाची खूण की बंडाची? मला विचाराल तर अशा एका पात्रासाठी मी खऱ्या मानवी केसांचा टोप करीन, बाकीच्यांना नायलॉन चालेल.

स्त्री पात्रांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. हुकूम पुरुषांना होता, त्यामुळे १९११ ला बायकांचे अंबाडे होते तसेच ठेवा. बायकांचे केस राजकारणात आले १९२० च्या दशकात, आखूड कापलेले. १९२७ मध्ये कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाल्यावर मानेपर्यंत कापलेले केस हाच पुरावा धरून मुलींना मारलं गेलं. ते तुमच्या नाटकाच्या बाहेरचं आहे. पण उपसंहारात १९२७ दाखवणार असाल तर एका मुलीच्या कापलेल्या केसांवर स्कार्फ द्या.

आता टोपांचा हिशेब. दहा पुरुष धरले तर पूर्ण टोप सहा: तीन उत्तम, तीन साधे. समूहासाठी काळ्या लोकरीच्या वेण्या कॅपला शिवून भागेल, पण त्यांना मागच्या रांगेत उभं करा आणि पाठ फिरवू देऊ नका. लोकर प्रकाशात भुरकट दिसते. मागचे केस राहिलेला, वेणी कापल्यानंतरचा टोप निदान दोन जणांना हवा. तो विकत मिळणार नाही, करूनच घ्यावा लागेल. त्यासाठी सहा आठवडे आधी डोक्यांची मापं पाठवा. कपाळापासून मानेच्या खळीपर्यंत, कान ते कान वरून, आणि घेर. तालमीतला मोबाईल फोटो म्हणजे माप नव्हे.

रंगमंचावर वेणी कापायचा प्रवेश असेल तर ती खरी कापायची नाही. मुळाशी तीन बोटांवर आधीच तोडून आत वेल्क्रोचा तुकडा बसवायचा आणि वरून गोफाने झाकायचं. कात्री बोथट, आणि मोठी, शिंप्याची. कापणारा नट डाव्या हाताने वेणी धरून आवाज येईपर्यंत थांबतो, मग ओढतो. वेल्क्रो सुटताना चर्रर्र वाजतो, म्हणून त्याच क्षणी कात्री दोनदा वाजवायची. हे तीस वेळा तालमीत करून घ्या. आणि कापलेली वेणी नटाने खाली टाकायची नाही, ज्याची आहे त्याच्या हातात द्यायची.